मोड कुठलाही लावा, फोटो कधी काळा, कधी पांढराफटक, कधी हललेला: दुखणं शोधायचं कसं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. ऑटोवर फोटो बरे येत होते. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की ऑटो सोड, मॅन्युअलवर ये. तेव्हापासून बाहेर काढलेला फोटो पांढराफटक, घरातला काळाकुट्ट आणि मूल जरा पळालं की पुसट. वैतागून डायल ए वर नेला, तिथून एस वर, तिथून पी वर, शेवटी परत ऑटोवर. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणं.

हे परत परत होतं, कारण मोड बदलल्याने खोलीतला उजेड बदलत नाही. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती प्रतिसाद देतो) या तिघांपैकी कोणता आकडा तुम्ही ठरवणार आणि कोणता कॅमेरा, एवढाच निकाल मोड लावतो. ए मध्ये (काही कॅमेऱ्यांवर एव्ही लिहिलेलं असतं) अॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं. एस किंवा टीव्ही मध्ये उलट. पी मध्ये कॅमेरा दोन्हींची जोडी लावतो आणि चाक फिरवून तुम्ही ती जोडी सरकवू शकता. एम मध्ये दोन्ही तुमच्या गळ्यात. फोटो बिघडतो तो या तिघांपैकी एखादा आकडा त्या प्रसंगाला न पेलणारा असतो म्हणून, आणि तो आकडा फोटोतच नोंदलेला असतो. म्हणून डायलला हात लावण्याआधी बिघडलेला फोटो उघडा आणि आकडे वाचा.

कॅमेऱ्यावर फोटो बघताना इन्फो किंवा डिस्प्ले असं लिहिलेलं बटण एक-दोनदा दाबलं की सगळं दिसतं. पाच गोष्टी बघायच्या: शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ, प्लस-मायनसचा आकडा आणि फ्लॅश पडला होता का.

आकडे वाचायला एक हिशोब लागतो, तो आधी उरकून घेऊ. उजेड दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉप. शटर १/१२५ वरून १/२५० केलं की उजेड निम्मा, म्हणजे एक स्टॉप कमी. आयएसओ ४०० चं ८०० केलं की एक स्टॉप जास्त. अॅपर्चरची शिडी मात्र विचित्र: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. आकडा मोठा तेवढं भोक लहान, आणि दुप्पट आकडा म्हणजे दोन स्टॉप. ही शिडी पाठ करा, बाकी कशाची घोकंपट्टी करायची गरज नाही.

फोटो पुसट येतोय

सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही यालाच मिळतात, कारण पुसटपणा तीन प्रकारचा असतो आणि तिघांचे इलाज वेगळे.

फोटो पूर्ण मोठा करून बघा. समजा, खोलीत पळणाऱ्या मुलाचा फोटो आहे. मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. घड्याळ आणि मूल दोन्ही एकाच दिशेला सारवल्यासारखे दिसत असतील तर तुमचा हात हलला. घड्याळाचे काटे स्वच्छ आणि मुलाचे हात-पाय तेवढे फरफटलेले असतील तर मूल हललं. सारवल्याची खूण कुठेच नाही, मुलाचा चेहरा नुसता मऊ आणि पुढ्यातल्या खुर्चीचा पाय मात्र रेखीव दिसतोय, तर फोकस भलतीकडे बसलाय. या तिसऱ्या प्रकारात एक्सपोजरचे, म्हणजे फोटोला मिळणाऱ्या उजेडाचे, आकडे कितीही फिरवलेत तरी फार फरक पडणार नाही. फोकस पॉइंट स्वतः निवडा आणि तो चेहऱ्यावर ठेवा.

आता आकडे. समजा लेन्स ५५ मिमीवर आहे, एफ/५.६, शटर १/१५, आयएसओ १००. हात हलणार हे या आकड्यांतच लिहिलंय. हातात धरून काढताना जुना ठोकताळा असा की शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) इतकं हवं. सेन्सर एपीएस-सी आकाराचा (फुल-फ्रेमहून लहान) असेल तर फोकल लेंग्थला दीडने गुणा (कॅननच्या बाबतीत १.६ ने). म्हणजे ५५ मिमीला १/८० च्या खाली जाऊ नका, आणि तेही स्थिर वस्तूसाठी. लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर याहून संथ शटरवर निभावतं, पण ते फक्त तुमच्या हाताचा कंप सावरतं. पळणारं मूल ते थांबवू शकत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक स्टॅबिलायझेशन चालू असल्याची खात्री तीनतीनदा करतात आणि शटरच्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पळणाऱ्या मुलाला १/२५० तरी लागतं, जोरात उड्या मारत असेल तर १/५००. वरच्या उदाहरणात १/१५ वरून १/२५० ला जायचं म्हणजे १/३०, १/६०, १/१२५, १/२५०: चार स्टॉप. ते भरून कुठून काढायचे? किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे अॅपर्चरकडून काही मिळणार नाही. उरतो आयएसओ: २००, ४००, ८००, १६००. झाले चार स्टॉप, हिशोब मिटला.

आयएसओ १६०० म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की १०० सोडायचं नाही, फोटो दाणेदार होतो. ट्रायपॉडवर निवांत फोटो काढणाऱ्याला तो सल्ला ठीक आहे. हातात कॅमेरा आणि समोर पळतं मूल असताना तो सरळ घातक आहे. फोटोतले दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात, फरफटलेला चेहरा तसा सावरता येत नाही. आणि आयएसओ वाचवायला फोटो काळा काढून नंतर उजळवलात तर दाणे लपत नाहीत, सावलीच्या भागात बहुधा जास्तच उठून दिसतात.

वरचे आकडे खिडकीजवळच्या चांगल्या उजेडातले होते. रात्री घरातल्या दिव्यांत आयएसओ १६०० लावूनही शटर १/१५ च्या आसपासच घोटाळतं. तिथे किट लेन्सने पळतं मूल पकडायचं म्हणजे आयएसओ भलताच वर न्यावा लागतो. एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स अशा वेळी तीन स्टॉपहून थोडा जास्त उजेड देते, म्हणजे १/१५ चं जवळपास १/१५० होतं. नवीन कॅमेरा घ्यायचा विचार याच तक्रारीपायी चालू असेल तर आधी लेन्सचा विचार करा.

फोटो हललेला नाही, पण करडा, काळपट किंवा पांढराफटक आहे

इथे मीटरशी ओळख करून घ्यावी लागते. कॅमेऱ्यातलं मीटर समोरून येणारा उजेड मोजतं. समोरची वस्तू पांढरी आहे की काळी, याचा त्याला फारसा पत्ता नसतो. ते असं धरून चालतं की सगळं मिळून मधल्या करड्या रंगाइतकं उजळ आहे. फोटोग्राफीत वापरलं जाणारं ग्रे कार्ड पडणाऱ्या उजेडापैकी १८ टक्के परत पाठवतं, तो हा करडा. आताचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग वेगवेगळे मोजून अंदाज बांधतात (निकॉनने १९८३ च्या एफए मध्ये हे पहिल्यांदा आणलं), चेहरेही ओळखतात, तरी मुळातला कल तोच राहतो.

पटत नसेल तर करून बघा. खिडकीशी एक कोरा पांढरा कागद ठेवा, चौकट कागदाने पूर्ण भरून ए मोडमध्ये फोटो काढा. मग त्याच जागी काळं कापड ठेवून दुसरा काढा. फोकस बसत नसेल तर मॅन्युअल फोकसवर न्या, इथे फोकसचं काम नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघा: कागद मळकट करडा, कापड विटकं करडं. दोन्हींचे शटरचे आकडे मात्र खूप वेगळे असतील, कारण कागद दाबायला कॅमेऱ्याने शटर वेगवान केलं आणि कापड उचलायला संथ.

आता प्लस-मायनसचं बटण म्हणजे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वापरा. कागदाला +१.७ ते +२ द्या, तो पांढरा दिसेल. कापडाला -१ ते -१.५ द्या, ते काळं दिसेल. बर्फ, पांढऱ्या कपड्यांतला माणूस, पाठीमागे उघडी खिडकी असलेला चेहरा, धुकं: इथे प्लस. काळा कुत्रा, अंधाऱ्या स्टेजवर प्रकाशझोतातला एकटा गायक: इथे मायनस. नवशिक्यांचा हात नेमका उलटा जातो, समोर खूप उजळ दिसतंय म्हणून मायनस करतात आणि बर्फ आणखी करडा होतो.

यात एक छुपा फटका आहे. ए मोडमध्ये आयएसओ ठरावीक ठेवून +२ दिलं की कॅमेरा तो उजेड शटर संथ करून आणतो. १/१२५ चं १/३० होतं. उजेड सुधारला, फोटो हलला. मग माणूस म्हणतो, कॉम्पेन्सेशन वापरलं की फोटो पुसट येतात! आयएसओ ऑटोवर असेल तर पुष्कळ कॅमेरे आयएसओ वाढवून भागवतात, पण आकडा बघून खात्री करा.

आणि दुसरा फटका: बऱ्याच कॅमेऱ्यांत हा प्लस-मायनस कॅमेरा बंद केल्यावरही तसाच राहतो. काल बर्फासाठी +२ दिलं, आज बागेतले सगळे फोटो पांढरेफटक. सगळे फोटो एकाच बाजूला बिघडत असतील तर पहिला संशय इथेच घ्या.

आकडा लुकलुकतोय

व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा स्क्रीनवर एखादा आकडा उघडझाप करतो, काही कॅमेरे हाय किंवा लो असं दाखवतात. कॅमेरा सांगतोय की माझी हद्द संपली. लोक याकडे दुर्लक्ष करून बटण दाबतात.

भर उन्हात पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/१.८ लावलं, आयएसओ १००. स्वच्छ ऊन असताना आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१२५ च्या आसपास बरोबर एक्सपोजर मिळतं, हा फिल्मच्या काळापासूनचा नियम. एफ/१६ वरून एफ/२ ला या, सहा स्टॉप झाले, शटर १/८००० हवं. तुमच्या कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबत असेल तर फोटो जळणारच, म्हणजे पांढराफटक होणारच. एफ/२.८ वर या, सावलीत जा, इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर ते लावा, नाहीतर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) चढवा. मोड बदलून काही व्हायचं नाही.

खोलीत एस मोडवर १/१००० लावलंत तर उलटं होतं: अॅपर्चर एफ/५.६ वर जाऊन अडतं, लुकलुकतं, फोटो काळा. शटर खाली आणा किंवा आयएसओ वर न्या.

एम मोडचे घोळ

एम वर दोन तक्रारी येतात आणि दोन्हींमागे एकच गाठ असते. पहिली: शटर बदललं, अॅपर्चर बदललं, तरी फोटोचा उजेड हलत नाही. आयएसओ ऑटोवर राहिलाय. तुम्ही शटर वेगवान केलं की कॅमेरा मागून आयएसओ वाढवून तुमचं केलेलं पुसून टाकतो. एम शिकायचा असेल तर आयएसओ आधी ठरावीक आकड्यावर ठेवा.

दुसरी: सगळे आकडे कायम ठेवले, तरी झूम केल्यावर फोटो काळा पडला. १८–५५ मिमीच्या नेहमीच्या किट लेन्सवर एफ/३.५–५.६ लिहिलेलं असतं. रुंद बाजूला ३.५ मिळतं, झूम करत गेलात की ते आपोआप ५.६ होतं. सव्वा स्टॉपहून थोडा जास्त उजेड गेला. ए मोडमध्ये कॅमेरा हे गुपचूप भरून काढतो, एम मध्ये तुम्हाला काढावं लागतं. एफ/५.६ वरच ठेवून काम केलंत तर हा त्रास होत नाही.

एम म्हणजे खरी फोटोग्राफी, बाकी सगळं लिंबूटिंबू, हा समज मला मुळीच मान्य नाही. कॅननच्या ए-१ वर १९७८ मध्ये प्रोग्राम मोड (आपला पी) आला, म्हणजे कॅमेऱ्याला हिशोब केव्हापासूनच करता येतो, तो त्याला करू द्यायला लाज कसली? उजेड दर मिनिटाला बदलतोय, ढग येतायत जातायत, तिथे एम वर बसलेला माणूस चाकं फिरवत राहतो आणि क्षण निघून जातो. एम चा खरा उपयोग उजेड स्थिर असताना: ट्रायपॉडवर रात्रीचं आकाश, स्टुडिओतले फ्लॅश, पॅनोरमासाठी ओळीने काढलेल्या चौकटी.

रोजच्या वापराला ए मोड ठेवा आणि आयएसओ ऑटोवर. मेनूत ऑटो आयएसओसाठी किमान शटर स्पीड ठरवता येत असेल तर माणसांसाठी १/१२५, मुलांसाठी १/२५० द्या आणि आयएसओची कमाल मर्यादा ६४०० पर्यंत तरी सोडा. पुसट फोटोंच्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात. ज्या कॅमेऱ्यात किमान शटरची सोय नाही तिथे एस मोड आणि ऑटो आयएसओ.

एकाच जागेचे फोटो, प्रत्येकाचा उजेड वेगळा

तीन-तीनच्या गटाने एक ठीक, एक काळपट, एक उजळ असे फोटो येत असतील तर ब्रॅकेटिंग (मुद्दाम वेगवेगळ्या उजेडाचे फोटो ओळीने काढणं) चालू राहिलंय. मेनूत एईबी किंवा ब्रॅकेटिंग शोधून बंद करा. मीटरच्या पट्टीवर एकाऐवजी तीन खुणा दिसणं ही त्याची ओळख.

चौकट जरा सरकवली की उजेड उडी मारत असेल तर मीटरिंग स्पॉटवर आहे. तेव्हा मीटर चौकटीचा अगदी छोटा भाग मोजतं: तो भाग काळ्या केसांवर पडला की फोटो उजळ, पांढऱ्या शर्टावर पडला की काळपट. इव्हॅल्युएटिव्ह, मॅट्रिक्स किंवा मल्टी असं जे नाव तुमच्या कंपनीने दिलं असेल त्यावर न्या.

कॅमेरा ट्रायपॉडवर, हाताची हालचाल नाही, एम मोड, आयएसओ ठरावीक, तरीही ओळीने काढलेल्या फोटोंचा रंग आणि उजेड बदलतोय किंवा आडवे पट्टे येतायत? वरचे दिवे बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट आणि पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५०० वर तुम्ही त्या चढउताराचा एक तुकडा कापून घेता, कधी वरचा, कधी खालचा. शटर १/१०० किंवा १/५० करा (६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० किंवा १/६०, १/१२० नसेल तर १/१२५). वेगवान शटर हवंच असेल आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू करा.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) ट्रायपॉडवर असताना आणखी एक गोष्ट होते: तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला नसतो, मागून उजेड आत शिरतो आणि मीटर फसतं. फोटो काळपट येतो. काही कॅमेऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याला लटकलेला तो छोटा रबरी तुकडा व्ह्यूफाइंडर झाकायला, म्हणजे याचसाठी असतो.

फ्लॅशचं थोडक्यात. खाली काळा पट्टा आला तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या) वर गेलंय, बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असतो. फ्लॅश असूनही मागचं सगळं हललं असेल तर ए मोडमध्ये कॅमेऱ्याने पार्श्वभूमीसाठी संथ शटर धरलंय, ते मेनूतून आवरा किंवा एम वर १/१०० ठेवा.

स्क्रीनवर छान, घरी येऊन काळा

अंधारात कॅमेऱ्याचा स्क्रीन फार तेजस्वी वाटतो आणि काळपट फोटोही झकास दिसतो. उन्हात नेमकं उलट. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) बघा. सगळा ढिगारा डाव्या भिंतीला चिकटलेला असेल तर सावल्या गेल्या, उजव्या भिंतीवर चढला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. हायलाइट वॉर्निंग चालू केलीत तर जळालेला भाग स्क्रीनवर उघडझाप करतो. दिव्याचा बल्ब किंवा सूर्य लुकलुकला तर चालेल, चेहऱ्याचं कपाळ लुकलुकलं तर मायनस करा.

एवढं सगळं बघूनही उमगलं नाही आणि जाणत्या माणसाला विचारायचं ठरवलंत तर त्याला मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की आकार घटतो आणि आत नोंदलेले आकडेही पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि सोबत एवढंच लिहा की उजेड कुठून येत होता आणि कॅमेरा हातात होता की ट्रायपॉडवर.